काळे ठिपके, भुरी आणि शेंडेमर: पुण्यातल्या गुलाबांवरच्या बुरशीचा निसर्गस्नेही बंदोबस्त

जुलैच्या मध्यात पुण्यातल्या बहुतेक गुलाबांची सारखीच अवस्था झालेली असते. खालची पानं पिवळी पडलेली, त्यांवर काळे डाग, कुंडीभोवती गळलेल्या पानांचा सडा. तेच झाड डिसेंबरात पाहिलं तर कोवळ्या फुटीवर पांढरी पूड बसलेली असते. दोन्ही रोग बुरशीचेच, पण त्यांच्या गरजा अगदी उलट आहेत. पावसाळ्यातल्या बुरशीला पानावर पाणी लागतं, हिवाळ्यातलीला ते नकोसं असतं. म्हणून दुकानातून एक बाटली आणून वर्षभर दर रविवारी तीच मारत राहिलं की पैसे जातात, मधमाश्या आणि गांडुळांना त्रास होतो आणि रोग आहे तिथेच राहतो. आधी रोग ओळखावा, मग कात्री आणि झाडू हाती घ्यावा, आणि फवारणीचा पंप सर्वांत शेवटी उचलावा. या क्रमाने गेलात तर गच्चीतल्या दहा-वीस कुंड्यांना तीव्र बुरशीनाशकांची गरज सहसा पडत नाही.

पहिली पायरी: रोग कोणता ते ठरवा

काळे ठिपके हा पावसाळ्यातला मुख्य शत्रू. त्याच्या बुरशीचं शास्त्रीय नाव डिप्लोकार्पॉन रोझी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधं भिंग घ्या आणि डाग पडलेलं पान उजेडात धरा. नुसत्या डोळ्यांना गोल वाटणाऱ्या डागाची कड भिंगाखाली गुळगुळीत दिसत नाही. कच्च्या कागदावर शाई फुटावी तशी ती बारीक तंतूंनी बाहेर सरकलेली असते. डागात बारीक काळे उंचवटे दिसले तर तिथे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, तयार झालेत आणि पुढच्या सरीबरोबर ते शिंतोड्यांतून वरच्या पानांवर जाणार आहेत, असं समजा. डागाभोवती पान पिवळं पडतं आणि हात लागताच गळतं. सुरुवात नेहमी जमिनीजवळच्या पानांपासून होते. ही बुरशी रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोज रात्री आपोआप घडतं.

भुरीची तऱ्हा वेगळी. तिचं शास्त्रीय नाव पोडोस्फेरा पॅनोसा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात दुपारी चांगलं ऊन असतं आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. कोरडा दिवस आणि थंड, दमट रात्र हेच तिचं आवडतं हवामान. कोवळी पानं कडेने वर वळतात, त्यांवर आणि कळीच्या देठावर पांढरा थर येतो, कळी वेडीवाकडी उमलते. पानावर पाणी साचलेलं असेल तर भुरीचे बीजाणू नीट रुजत नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे. पांढरं दिसलं की भुरीच, असंही नाही. बोटाने पुसल्यावर पूड पसरली तर भुरी. पानाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके असतील आणि काडीने हलवल्यावर त्यातून चिकट किडा निघाला तर तो पिठ्या ढेकूण. त्याचा उपाय निराळा.

तिसरा रोग शेंडेमर. बागकाम करणारे त्याला सर्रास डायबॅक म्हणतात. छाटलेल्या टोकापासून फांदी काळी-तपकिरी होत खाली वाळत जाते. काळे ठिपके आणि भुरी झाडाला अशक्त करतात, शेंडेमर मात्र झाड घेऊन जातो. त्यामुळे माझ्या मते सगळ्यांत जास्त काळजी याचीच घ्यायला हवी. ती कशी घ्यायची ते छाटणीच्या पायरीत सविस्तर येईल.

बाकीचे रोग थोडक्यात. पानाच्या मागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तांबेरा. सततच्या पावसात कळी न उमलता तपकिरी होऊन कुजली तर ती करडी बुरशी, अशी कळी लगेच खुडून टाका. पानांवर जांभळट, कोनाकोनाचे डाग येऊन पानं एकदम गळली तर केवडा. तो मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांना जास्त छळतो, घरच्या बागेत त्या मानाने कमी.

प्रत्येक पिवळं पान बुरशीमुळे पिवळं झालेलं नसतं. नवी, वरची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या गुलाबात ती हमखास दिसते. उन्हाळ्यात पानं फिकट, ठिपकेदार होऊन मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. या दोन्हींवर बुरशीची फवारणी करून काही साधत नाही.

दुसरी पायरी: कात्री आणि झाडू

डाग पडलेलं पान कोणत्याही फवारणीने पुन्हा हिरवं होत नाही. ते झाडावर किंवा झाडाखाली राहिलं की बीजाणूंचं कोठार होतं. काळ्या ठिपक्यांची बुरशी नुसत्या मातीत फार काळ टिकत नाही. ती टिकते गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या डागांत. म्हणून पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी कुंडीतली, वाफ्यातली पडलेली पानं वेचा. झाडावरची डागाळलेली पानं पाऊस उघडलेला असताना, पानं कोरडी असताना खुडा. ओल्या झाडाला हात लावला की तुमच्याच बोटांनी रोग शेजारच्या कुंडीत जातो.

खुडताना हात आवरता घ्या. एका वेळी एकतृतीयांशाहून जास्त पानं काढू नका. उघडं पडलेलं झाड नवी फूट काढण्यात उरलीसुरली ताकद घालवतं आणि ती कोवळी फूट पुन्हा रोगाला बळी पडते. थोडे डाग असलेलं, पण हिरवं पानही झाडाला अन्न पुरवत असतं. खालची पूर्ण पिवळी पानं आधी काढा, बाकीची टप्प्याटप्प्याने.

ही पानं घरच्या कंपोस्टच्या बादलीत टाकू नका. गॅलरीतली बादली बुरशी मरेल इतकी तापत नाही. पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या. जाळू तर मुळीच नका.

तिसरी पायरी: पाणी, ऊन, वारा

पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे पाणी बुंध्याशीच घाला, तेही सकाळी. संध्याकाळी नळीने झाड न्हाऊ घालण्याची सवय पुण्यात घरोघरी आहे. त्या आंघोळीने पान रात्रभर ओलं राहतं आणि काळ्या ठिपक्यांना हवे ते तास आयते मिळतात.

हिवाळ्यात हाच नियम थोडा फिरवायचा. भुरी दिसू लागली की सकाळी ऊन अंगावर यायच्या वेळी साध्या पाण्याचा बारीक, जोरदार फवारा पानांच्या दोन्ही बाजूंनी मारा. बीजाणू धुऊन जातात आणि तासाभरात पान सुकतं. थंडीत हा उपाय फुकटचा आणि खरोखर उपयोगी आहे. झाडावर जुने काळे ठिपके शिल्लक असतील तर मात्र आधी ती पानं काढा, मगच पाणी मारा.

जागा पूर्वेची मिळाली तर उत्तम. सकाळचं ऊन दव लवकर उडवतं. दिवसाचं किमान पाच-सहा तास ऊन हवंच. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. सोसायटीच्या गॅलरीत जागा कमी म्हणून कुंडीला कुंडी चिकटवली जाते, आणि नेमकी मधली, वारा न लागणारी कुंडी आधी आजारी पडते. जूनमध्ये कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा. सलग झड लागली तर त्या वळचणीखाली, पण उजेडात सरकवा.

मातीवर आच्छादन घाला. बीजाणू शिंतोड्यांतून वर उडतात, ते शिंतोडे आच्छादनाने थांबतात. उसाचं पाचट मिळालं तर छान. नाहीतर रसवंतीतली चिपाडं मागून आणा, एकदा धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. गोडवा राहिला तर मुंग्या येतात. दोन इंचांचा थर पुरे, फक्त बुंध्यापासून तीन बोटं जागा मोकळी सोडा.

खताबाबत एवढंच सांगतो की युरिया घालू नका. नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत येते आणि भुरीला तीच हवी असते. शेणखत, गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड यांवर गुलाब उत्तम चालतो.

चौथी पायरी: फवारणी, आणि तीही ऋतू पाहून

खाली दिलेल्या सगळ्या फवारण्या मुख्यतः रोग रोखतात, झालेला रोग पुसत नाहीत. म्हणून पहिले दोन-चार डाग किंवा पांढरे ठिपके दिसताच सुरुवात करा. पानाची मागची बाजूही भिजली पाहिजे. नवीन द्रावण आधी एका फांदीवर मारा, दोन दिवस थांबा, पान करपलं नाही तरच सगळ्या झाडावर वापरा. वेळ सकाळची, मधमाश्या फुलांवर यायच्या आधीची.

भुरीसाठी मी पहिल्यांदा दूध सुचवेन. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनी या भाजीच्या भुरीवर गाईच्या दुधाची फवारणी करून तिचा परिणाम दाखवला होता. त्यानंतर जगभरच्या बागप्रेमींनी ती गुलाबावर आणली. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. साय काढलेलं दूध घ्या, म्हणजे वास कमी येतो आणि पंपाचं तोंड चोंदत नाही. फवारल्यावर झाडाला ऊन मिळालं पाहिजे, सावलीत या उपायाचा गुण कमी येतो. काळ्या ठिपक्यांवर मात्र दुधाचा भरवसा धरू नका.

खायचा सोडा दोन्ही रोगांवर चालतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये सोडा आणि तेल यांचं मिश्रण गुलाबाच्या भुरीवर आणि काळ्या ठिपक्यांवर तपासून त्याचा उपयोग दाखवला. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा सोडा, ५ मिली निंबोळी तेल आणि तेल मिसळण्यापुरता सौम्य साबण. सात ते दहा दिवसांच्या अंतराने फवारा. धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर या दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत, त्या वापरू नका. सोड्यातलं सोडियम कुंडीच्या मातीत साठत जातं आणि मुळांना बाधतं. म्हणून फवारताना माती प्लास्टिकने झाका आणि एका हंगामात तीन-चार फवारण्यांवर थांबा. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर त्याच प्रमाणात ते वापरणं अधिक चांगलं.

निंबोळी तेल नुसतं पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि पानावर तेलाचे डाग पडून पान भाजतं. पाच-सहा रिठे रात्री पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून ते पाणी गाळा. बाटलीत थोडं रिठ्याचं पाणी आणि ५ मिली तेल घालून दुधी पांढरं होईपर्यंत जोराने हलवा. मग हळूहळू साधं पाणी मिसळत एक लिटर करा. लगेच वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. भर उन्हात किंवा पारा ३२ अंशांच्या वर असताना तेल मारू नये.

गंधक हा भुरीवरचा जुना आणि खात्रीचा उपाय. आपल्या द्राक्षबागायतदारांचा तो नेहमीचा आधार आहे आणि सेंद्रिय शेतीतही तो चालतो. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. नाकातोंडावर रुमाल बांधा. दोन पथ्यं मात्र कडक पाळा. तेलाची फवारणी आणि गंधक यांत किमान पंधरा दिवसांचं, जमल्यास तीन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं जळतात. आणि फेब्रुवारी सरता सरता, ऊन तापायला लागलं की गंधक बंद. ते लाल कोळ्याला खाणाऱ्या मित्रकोळ्यांनाही मारतं, त्यामुळे दूध आणि सोडा अपुरे पडले तरच तिकडे वळा.

आणि पाऊस? आठवडाभर झड लागलेली असताना फवारणीच्या मागे लागू नका. मारलेलं सगळं वाहून जातं. काळ्या ठिपक्यांसाठी सोडा-तेलाची पहिली फवारणी जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी करा आणि पुढे प्रत्येक चांगल्या उघडिपीला एकेक. मधल्या काळात पानं वेचणं हाच खरा उपचार.

पाचवी पायरी: ऑक्टोबरची छाटणी

पुण्यात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस परतल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला करतात. तेव्हा छाटलं की डिसेंबरच्या सुरुवातीला बहर येतो. घाई करू नका. परतीचा पाऊस फसवा असतो, आणि ताज्या कापावर पाणी पडणं म्हणजे शेंडेमरला दार उघडून देणं. पुढचे दोन-तीन दिवस कोरडे जाणार असं दिसलं तरच कात्री हाती घ्या.

कात्रीला धार हवी. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि चिरडलेला भाग कुजतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आधी वाळलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा. उरलेल्या तीन-चार जोमदार फांद्या साधारण निम्म्यावर आणा. काप बाहेरच्या दिशेच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या, अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. डोळ्याच्या वर लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळण खाली उतरते.

आता कापाकडे नीट पाहा. फांदीच्या मधला गर पांढरट-हिरवा असेल तर काप निरोगी. तपकिरी कडं किंवा मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर आणखी इंचभर खाली कापा आणि पुन्हा पाहा. शेंडेमर लागलेल्या फांदीत काळ्या भागाच्या किमान दोन इंच खाली जावं लागतं. फांदी पार बुडाशी आली तरी हरकत नाही. तपकिरी गर ठेवून वाचवलेली फांदी महिन्याभरात संपूर्ण जाते. छाटून झाल्यावर झाडावरची उरलेली जुनी पानंही काढा. पावसाळ्याचे बीजाणू त्यांवरच असतात.

कापांना बोर्डो पेस्ट लावा. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो परिसरातलं. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत. तेवढ्याच वेली केवड्यातून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आलं आणि प्रयोगांनंतर १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. घरच्यासाठी २० ग्रॅम मोरचूद, २० ग्रॅम कळीचा चुना आणि २०० मिली पाणी पुरतं. मोरचूद कापडात गुंडाळून कुटा आणि निम्म्या पाण्यात प्लास्टिकच्या मगमध्ये विरघळवा. लोखंडी भांडं नको. चुना उरलेल्या पाण्यात सावकाश विझवा, तो तापतो, हात जपा. गार झाल्यावर निळं पाणी चुन्याच्या पाण्यात थोडं थोडं ओता आणि लाकडी काडीने ढवळत राहा. दाट, आकाशी रंगाचं मिश्रण होतं. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, आणखी चुना घाला. खिळा होता तसाच राहिला की पेस्ट तयार. जुन्या ब्रशने फक्त कापांवर लावा आणि त्याच दिवशी संपवा.

फक्त कापांवर, हे मी मुद्दाम सांगतो आहे. तांबं मातीत साठतं, गांडुळांना मारक ठरतं. सेंद्रियमध्ये चालतं म्हणून ते वाटेल तसं फवारायचं नसतं, आणि उरलेलं मोरीत किंवा कमळाच्या टाकीत ओतायचं तर अजिबात नसतं. पातळ फांद्यांच्या कापांना काही जण हळदीचा लेप लावतात. लावायला हरकत नाही, पण अंगठ्याएवढ्या जाड कापाला बोर्डोच हवं.

छाटणीनंतर माती हलकी उकरून शेणखत द्या. त्यात ट्रायकोडर्मा मिसळा. ही मातीतली मित्रबुरशी मुळांजवळच्या रोगकारक बुरशींना वाढू देत नाही. मूठभर ट्रायकोडर्मा घमेलंभर ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत आठवडाभर गोणपाटाखाली ठेवा, मग कुंड्यांना वाटून द्या. पानांवरचे ठिपके याने जाणार नाहीत, ते काम त्याचं नाही.

नवं रोप घेताना

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत किंवा उरुळी कांचनला गेलात तर फुलाआधी खालची पानं पाहा. "दादा, ही पिशवी जरा वळवा, मागची पानं बघायची आहेत," असं सांगायला संकोच कशाला? डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या वर काळा डाग, वाळलेला खुंट किंवा नुकतीच गळलेली पानं असतील तर ते रोप तिथेच राहू द्या. गडद पिवळे आणि केशरी गुलाब काळ्या ठिपक्यांना जास्त बळी पडतात. त्यांच्या वंशात इराणी पिवळा गुलाब आहे, १९०० मध्ये आलेल्या 'सोलेई द'ऑर' या जातीपासून तो संकरांत शिरला आणि त्याचा हा नाजूकपणाही सोबत आला. पहिल्यांदाच गुलाब लावत असाल तर गावठी गुलाबी किंवा एखादा काटक लाल घ्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे गुलाब मांडणाऱ्यांना त्यांची पावसाळ्यात तगणारी जात कोणती ते विचारा. ही माणसं भरभरून सांगतात.

नवी कुंडी तीन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. रोग असेल तर एवढ्या दिवसांत बहुधा दिसतो.

झाड कधी काढायचं

काळ्या ठिपक्यांनी निष्पर्ण झालेलं झाडसुद्धा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बहुतेक वेळा सावरतं, त्याला संधी द्या. शेंडेमर मात्र डोळा भरलेल्या जागेपर्यंत उतरला असेल, तिथली साल काळी पडून नखाने खरवडल्यावर खाली हिरवं काहीच दिसत नसेल, तर वर जिवंत गुलाब उरलेला नाही. खालून फुटलेली हिरवी फांदी खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या जंगली गुलाबाची असते. झाड मुळासकट उपटा, कुंडी घासून उन्हात वाळवा. वाफ्यात त्याच जागी पुन्हा गुलाब लावायचा असेल तर दीड फूट खोल माती बदला. ते शक्य नसेल तर तिथे मोगरा लावा आणि गुलाबाला दुसरी, सकाळचं ऊन येणारी जागा द्या.